सासूबाईंची तीन वर्षांची खाज आणि तुकड्याची भीती

इंदूरच्या सुदामानगरातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा : सासूबाई ६४ वर्षांच्या. तीन वर्षांपासून खालच्या जागेला खाज, रात्री जास्त. चार डॉक्टर झाले, चौघांनीही ‘फंगल’ म्हणून मलमं-गोळ्या दिल्या. शुगर आहे, गेल्या वर्षी त्याची गोळी बदलली. आता पाचव्या डॉक्टरांनी पांढरा चट्टा आहे म्हणून तुकडा काढून तपासायला सांगितलंय. घरात दोन भीती आहेत. हे कोड तर नाही? आणि तुकडा काढल्यावर आजार पसरणार नाही ना? शेवटी ताईंनी स्वतःचंही विचारलंय : ‘मला आतल्या बाजूला बारीक दाणे हाताला लागतात. मैत्रीण म्हणते चामखिळी आहेत. दाखवू का?’

ताई, उत्तराआधी मीच तुम्हाला एक विचारते. त्या चार डॉक्टरांपैकी किती जणांनी पडद्यामागे नेऊन, दिवा लावून, प्रत्यक्ष बघितलं? सासूबाईंनाच विचारा. मला उत्तराचा अंदाज आहे, कारण गेली तीस वर्षं माझ्या ओपीडीत हाच संवाद होतो. ‘आधी कुणी तपासलं होतं?’ ‘हो, खूप जणांनी.’ ‘बघून?’ मग शांतता. टेबलाच्या पलीकडून बाई हळूच म्हणते ‘खुजली आहे’ (आपल्या इंदुरी मराठी घरांत खाज हा शब्द आता फक्त आजीच्या तोंडी राहिलाय), आणि अलीकडून पेन चालू लागतं. बाईला लाज, डॉक्टरला घाई, आणि डॉक्टर पुरुष असेल नि नर्स जागेवर नसेल तर दोघांनाही तेच सोयीचं.

म्हणून पहिल्या भेटीत मी पेशंटला घरातल्या सगळ्या ट्यूब आणायला सांगते. पिशवी टेबलावर रिकामी केली की सात-आठ ट्यूब निघतात, अर्ध्या दाबलेल्या. काही डॉक्टरांनी लिहिलेल्या, काही भाच्याने दवा बाजारातून आणलेल्या, एक शेजारणीची. त्यांतल्या निम्म्यांत स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध, तिन्ही एकत्र असतात. अशा खिचडी मलमाने दोन दिवस बरं वाटतं, आणि हाच त्याचा सगळ्यात मोठा दोष. खरोखर नायटा असेल तर स्टिरॉइडमुळे लाली झाकली जाते आणि बुरशी जांघेतून पसरत राहते. नायटा नसून दुसरा आजार असेल तर स्टिरॉइड अपुरं, अधूनमधून लागतं आणि आजार दबून आतल्या आत चालू राहतो. तिसऱ्या वर्षी माझ्यासमोर जे येतं ते मूळ चित्र उरलेलंच नसतं.

आता ‘फंगल’बद्दल. कँडिडा नावाच्या बुरशीला इस्ट्रोजेनवर पोसलेली, ओलसर, ग्लायकोजेनने (साठवलेल्या साखरेने) भरलेली कातडी लागते. पाळी गेल्यावर ते कमी होतं. त्यामुळे साठीनंतरच्या बाईला वारंवार बुरशी होत असेल, तर मी निदानावर आधी शंका घेते. याला ठळक अपवाद मधुमेहाचा, आणि तुमच्या सासूबाई त्यातच बसतात. बदललेल्या गोळीचं नाव बघा. शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असेल, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे, तर ती गोळी साखर लघवीवाटे बाहेर टाकते. हृदयाला आणि किडनीला ती चांगली, पण गोड लघवी जिथे लागते तिथे बुरशीला मेजवानी. गोळी मनाने बंद करू नका, फक्त डॉक्टरांना सांगा. मात्र खाज तीन वर्षांची आणि गोळी एक वर्षाची आहे, हा हिशेब ध्यानात ठेवा. गोळीने भर घातली असेल, सुरुवात तिने केलेली नाही.

बघितल्यावर आम्ही काय बघतो? आजाराचं नाव आधी मनात धरून बघायला बसलं की तोच आजार दिसतो. या विषयावर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९७० पासून आहे. तिने २०११ मध्ये जी वर्गवारी दिली, ती नावावरून सुरूच होत नाही. दिसतं काय, यावरून सुरू होते. कातडीच्याच रंगाचं, लाल, पांढरं, काळपट, फोडांचं, जखमेचं की सुजेचं? सपाट की उंचवटा? दोन्ही बाजूंना सारखं की एकाच बाजूला? केसांच्या कातडीवर की आतल्या नाजूक भागावर? आणि मग मी पेशंटला तोंड उघडायला लावते, कोपर बघते, नखं बघते, केसांत भांग पाडून बघते. एक काकू चिडून म्हणाल्या होत्या, ‘डॉक्टर, मी दात दाखवायला नाही आले.’ त्यांच्या हिरड्या लालभडक सोललेल्या होत्या आणि गालाच्या आत पांढरी जाळी होती. खालीही तेच होतं : लायकेन प्लॅनस. तीन वर्षं दातांच्या डॉक्टरकडे एक फाइल आणि स्त्रीरोगतज्ज्ञाकडे दुसरी; दोन्ही फाइली एकत्र कुणी बघितल्याच नव्हत्या.

तर पांढऱ्या चट्ट्याकडे येऊ. कोड असेल तर फक्त रंग जातो. कातडी मऊच राहते, पोत बदलत नाही आणि खाज जवळजवळ नसते. त्यामुळे रात्री झोपू न देणारी खाज आणि पांढरेपणा एकत्र असले की मनात पहिला विचार कोडाचा नको, लायकेन स्क्लेरोससचा हवा. यात कातडी चिनीमातीसारखी पांढरी आणि चुरगळलेल्या पतंगी कागदासारखी पातळ होते. खाजवून बारीक रक्ताचे ठिपके आणि चिरा पडतात. पुढून मागे गुदद्वाराभोवती हा पट्टा बऱ्याचदा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरतो. उपचार न मिळाल्यास योनीचे लहान ओठ हळूहळू मोठ्या ओठांत विरून जातात, वरचा दाणा (क्लिटोरिस) कातडीखाली गाडला जातो, योनीचं तोंड आकसतं. ‘वयाने झालं असेल’ म्हणून हे सोडून देतात. वयाने कातडी पातळ आणि कोरडी होते हे खरं, पण वयाने ओठ नाहीसे होत नाहीत. योनीच्या आत मात्र हा आजार शिरत नाही. लायकेन प्लॅनस शिरतो. आतून तपासताना हा फरक फार उपयोगी पडतो.

हा संसर्ग नाही. अस्वच्छतेने होत नाही, नवऱ्याकडून येत नाही, नातीला लागत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या कातडीवर उलटते, असं बहुतेक पुरावे सांगतात. थायरॉइडचे विकार या बायकांत जास्त सापडतात, म्हणून मी टीएसएच करून घेते. आणि हा फक्त म्हाताऱ्या बायकांचा आजार नव्हे. सात-आठ वर्षांच्या मुलींतही तो दिसतो, आणि तिथे रक्ताचे ठिपके बघून कुणी भलताच संशय घेतो. मुलीवर अत्याचार झाला का हा प्रश्न विचारायलाच हवा, पण हा आजार माहीत असलेल्या डॉक्टरने तपासल्यावर.

पांढऱ्यातलाच तिसरा प्रकार निव्वळ खाजवण्यातून येतो. मूळ कारण घाम असो, पॅड असो की डेटॉलचं पाणी, खाजवून खाजवून कातडी चामड्यासारखी जाड होते, रेषा खोल दिसतात, ओलाव्याने ती पांढरी पडते, आणि जाड कातडी पुन्हा खाजते. लायकेन स्क्लेरोसस आणि हा, दोन्ही एकाच बाईला असणं अगदी सामान्य आहे. तुमच्या सासूबाईंचंही तसंच असेल असा माझा अंदाज. पण अंदाज तो अंदाज, मी त्यांना बघितलेलं नाही.

मग तुकडा कशासाठी? लायकेन स्क्लेरोससचं चित्र स्पष्ट असेल तर मी तुकड्याशिवायही उपचार सुरू करते. तुकडा लागतो तेव्हा, जेव्हा काहीतरी जुळत नाही. एखादा भाग बाकीच्यापेक्षा जाड, टणक किंवा खडबडीत आहे, जखम महिनाभरात भरत नाही, रक्त येतं, चट्टा एकाच बाजूला आहे, किंवा योग्य औषध नीट लावूनही तेवढाच एक ठिपका हटत नाही. कारण हा आजार वर्षानुवर्षं उपचाराविना राहिला तर काही बायकांत त्यावर कॅन्सर उगवतो. शंभरात पाचांहून कमी, पण उगवतो. त्याआधीची पायरी, जिला आम्ही डिफरन्शिएटेड व्हिन म्हणतो, ती नुसत्या डोळ्यांना साध्या जाड चट्ट्यासारखीच दिसते. तरुण वयात एचपीव्ही विषाणूमुळे होणारी पायरी वेगळी. ती तिशी-चाळिशीत, अनेक जागी, चामखिळीसारखी किंवा काळपट दिसते आणि सावकाश चालते. म्हातारपणची ही पायरी भराभर कॅन्सरकडे जाते. तीन वर्षं खिचडी मलमाखाली दडलेला चट्टा पाचव्या डॉक्टरांना तपासून घ्यावासा वाटला, याचा अर्थ त्यांनी कॅन्सर बघितला असा नाही. त्यांनी बघितलं, एवढाच आहे.

पसरण्याचं काय? ‘चाकू लागला की पसरतो’ हे मी इंदूरच्या एम. वाय. हॉस्पिटलमध्ये शिकत असतानाही ऐकत होते. या कातडीतून चार मिलिमीटरचा तुकडा काढल्याने आजार पसरत नाही. पसरतो तो वेळ घालवल्याने.

प्रक्रिया सांगते, म्हणजे सासूबाईंना तुम्ही शांतपणे सांगू शकाल. आधी बधिर करणारं क्रीम लावून अर्धा-पाऊण तास बसवतात, मग बारीक सुईने लिग्नोकेनचं इंजेक्शन. ती टोचणी लागते, ‘काही कळणार नाही’ असं मी कुणाला सांगत नाही. त्यानंतर पेनाच्या टोपणासारख्या गोल धारेच्या पंचने तूरडाळीच्या दाण्याएवढा तुकडा. कधी एक टाका, कधी नुसता दाब. दहा-पंधरा मिनिटांत बाई चालत घरी. दोन दिवस लघवीला चुरचुरतं, तेव्हा वरून कोमट पाणी ओतत लघवी करायची. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. तुकडा कुठून घेतला यावर सगळं अवलंबून असतं : जखमेच्या मधून घेतला तर नुसती मेलेली कातडी येते, कडेवरून घ्यायचा, चट्ट्याच्या सगळ्यात जाड, सगळ्यात संशयास्पद जागेचा घ्यायचा, आणि गरज पडली तर दोन घ्यायचे. पॅथॉलॉजिस्टला चिठ्ठीत ‘व्हल्व्हल बायोप्सी’ एवढंच लिहून भागत नाही; वय, किती वर्षं, काय लावलं, काय दिसलं, हे लिहावं लागतं. आणि दोन-तीन आठवडे आधी स्टिरॉइड मलम थांबवलेलं बरं, नाहीतर सूक्ष्मदर्शकाखाली खुणा पुसट दिसतात. हे तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. कॅन्सरचा संशय दाट असेल तर ते थांबणार नाहीत, आणि थांबूही नये.

लाल चट्ट्यांबद्दल माझीच एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी सत्तरीच्या एक बाई आल्या. एका बाजूच्या मोठ्या ओठावर लाल, ओलसर चट्टा, मध्ये पांढरट बेटं. मला एक्झिमा वाटला. मलम दिलं, थोडं बरं वाटलं, परत आलं, मलम बदललं. असे आठ महिने गेले. शेवटी तुकडा घेतला तो पॅजेटचा आजार निघाला, कातडीतच पसरणारा एक दुर्मीळ कॅन्सर. तो दोन्ही बाजूंना सारखा नव्हता, हे मला पहिल्या दिवशी दिसलं होतं. सोरायसिस असता तर कोपर, टाळू, नखं कुठेतरी बोलली असती. तेही गप्प होते. बाई नंतर बऱ्या झाल्या, पण ते आठ महिने माझ्या नावावर आहेत. तेव्हापासून एका बाजूचा ‘एक्झिमा’ सहा आठवड्यांत गेला नाही तर मी मलम बदलत नाही, पंच उघडते.

जखमांचं क्षेत्र मोठं आहे, इथे धावतंच सांगते. पुंजक्याने येणारे पाण्याचे फोड, मग दुखऱ्या उथळ जखमा, लघवीला आग : हर्पिस. एकच, कडक बुडाची, न दुखणारी जखम : सिफिलिस, आणि न दुखण्यामुळेच ती अंगावर काढली जाते, व्हीडीआरएल (सिफिलिसची रक्ततपासणी) आणि एचआयव्ही दोन्ही करा. सरकारी दवाखान्यातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये ही तपासणी फुकट होते, आणि तिथले लोक प्रश्न विचारताना भुवया उंचावत नाहीत. मांसासारखी लाल, सहज रक्त येणारी पण न दुखणारी जखम आता क्वचित दिसते. तिचं जंतुरूप १९०५ मध्ये मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हान यांनी दाखवलं, म्हणून डोनोव्हानोसिस. पण प्रत्येक जखम शरीरसंबंधातून येते हे डोक्यातून काढा. व्हायरल तापानंतर बारा-चौदा वर्षांच्या मुलीला तिथे अचानक मोठ्या, भयंकर दुखणाऱ्या जखमा होऊ शकतात. संबंधाचा प्रश्नच नसतो, दोन-तीन आठवड्यांत भरतात. आईने मुलीची उलटतपासणी सुरू करण्याआधी हे वाचलेलं असावं. तोंडातही वारंवार छाले येत असतील तर बेहचेट्स या आजाराचा विचार करावा लागतो.

आणि एक कारण, जे आम्ही डॉक्टरच तयार करतो. पांढरं जातंय म्हटलं की फ्लुकोनॅझोल आणि सेक्निडॅझोल एकत्र देतात. सरकारी हिरवी किट हीच. काही बायकांना यांतल्याच एखाद्या औषधाची, किंवा दुखण्यावरच्या गोळीची, अशी अॅलर्जी असते की दर वेळी गोळी घेतली की त्याच जागी लाल, सोललेला चट्टा उठतो. बाई म्हणते, ‘इन्फेक्शन परत आलं,’ आणि पुन्हा तीच किट घेते. ‘जखम कधी आली?’ असं विचारून भागत नाही. ‘जखमेच्या आदल्या दोन दिवसांत कोणती गोळी घेतली होती?’ असं विचारावं लागतं.

काळपट डागांत तीळ, मेलॅनोसिस यांसारखं निरुपद्रवी बरंच असतं. पण इथला तीळ बाईला स्वतःला दिसत नाही, म्हणून ‘वाढला का’ याचं उत्तर कुणाकडेच नसतं. नवा, वेड्यावाकड्या कडांचा, दोन-तीन रंगांचा असेल तर मी वाट बघत नाही. चाळिशीनंतर योनिद्वाराच्या खालच्या बाजूला, उजव्या किंवा डाव्या अंगाला पहिल्यांदाच गाठ आली तर ती ‘बार्थोलिनची’ (तिथल्या ग्रंथीची साधी गाठ) म्हणून नुसती फोडून मोकळं होऊ नये. ऊतीचा नमुना घ्यावा.

आता तुमचे दाणे, ताई. लहान ओठांच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे सारखे, मऊ, ओळीने, आणि प्रत्येक दाण्याचं बूड वेगळं असेल, तर ते बहुधा वेस्टिब्युलर पॅपिलोमॅटोसिस. काहींच्या नाकाचा आकार जसा वेगळा, तसं हे. चामखिळी एचपीव्हीच्या ६ आणि ११ या प्रकारांनी होतात. त्या विखुरलेल्या, खरबरीत असतात आणि एकाच बुडातून कोबीसारख्या फुटतात. दाण्याच्या मध्यभागी खळगा असेल तर मोलस्कम, म्हणजे विषाणूचेच वेगळे दाणे. पिवळसर मोहरीएवढे ठिपके असतील तर तेलग्रंथी. हाताने एवढं कळत नाही. एकदा दाखवा, आणि दाखवेपर्यंत चामखीळ जाळायचं कुठलंही औषध लावू नका. साध्या कातडीवर ते लावून आलेल्या जखमा मी बघितल्यात.

सासूबाईंच्या तुकड्यात लायकेन स्क्लेरोसस निघालं आणि पेशी बिघडलेल्या नसल्या, तर औषध ठरलेलं आहे : क्लोबेटासोल ०.०५ टक्के, क्रीम नव्हे, ऑइंटमेंट, आणि त्यात दुसरं काहीही मिसळलेलं नको. पहिला महिना रोज रात्री, दुसरा महिना एक दिवसाआड, तिसरा महिना आठवड्यातून दोनदा, आणि पुढे आठवड्यातून एक-दोनदा कायम. ट्यूबवरचा इशारा वाचून केमिस्ट आणि घरचे दोघेही घाबरवतील. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात ५०७ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नियमित मलम लावणाऱ्यांत एकीलाही तिथला कॅन्सर किंवा त्याच्या आधीची पायरी झाली नाही. चालढकल करणाऱ्या १५० जणींपैकी ७ जणींना झाली. साबण, डेटॉल, वेट वाइप्स आणि हळदीचं पाणी बंद. साधं पाणी आणि नंतर खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली. लघवी गळत असेल तर तेही सांगा, त्याचा इलाज झाल्याशिवाय कातडी शांत होत नाही. पेशी बिघडलेल्या निघाल्या तर पुढचं कॅन्सर सर्जन ठरवतील.

मलम कुठे लावायचं हे डॉक्टरांनी आरशात दाखवायला हवं. त्यांनी दाखवलं नाही तर मागा. सासूबाईंना वाकता येत नसेल, दिसत नसेल, तर बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ काढून द्या आणि त्यांचा हात एकदा धरून जागा दाखवा. सुनेची लाज वाटत असेल तर नणंदेला बोलवा. ३० ग्रॅमची ट्यूब पहिल्या तीन महिन्यांना साधारण पुरते. महिन्यात संपली तर जास्त लागतंय, आणि सहा महिन्यांनी कपाटात अर्धी सापडली तर सासूबाई तुम्हाला ‘लावते गं’ असं नुसतंच म्हणत होत्या.